रक्तदाबाची राखण

कण्यात सुई घालून औषध सोडलं की या भूलतज्ज्ञ बाई आधी पेशंटच्या पायांना हात लावतात, मॉनिटरकडे नंतर बघतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात त्या वर्षानुवर्षं भूल देण्याचं काम करत आल्या आहेत. सकाळी एका दवाखान्यात सिझेरियन, दुपारी दुसरीकडे हर्निया, रात्री-अपरात्री तिसरीकडून फोन. गावात त्यांना 'भूलवाल्या मॅडम' म्हणतात. थिएटरमधल्या सिस्टरना त्यांची ही सवय आता पाठ झाली आहे. पेशंटला उताणं झोपवलं, उजव्या कुल्ल्याखाली उशी सरकवली, की मॅडमचा तळहात पेशंटच्या तळपायावर.

थिएटरमध्ये एसी असतो आणि भीतीनं पाय त्याहून गार पडलेले असतात, वर घामेजलेले. औषध गेल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत त्या गार तळव्यांना ऊब येऊ लागते. घाम सुकतो. पावलांवरच्या शिरा फुगून दिसायला लागतात. टेबलावरची मुलगी म्हणते, "मॅडम, पाय गरम गरम लागायलेत." पाय जड होणं, बधिर होणं हे त्याच्या मागोमाग. ही ऊब आली की मॅडमना दोन गोष्टी कळतात: औषध योग्य जागी पोचलं, आणि आता रक्तदाब उतरणार.

एका पहिलटकरणीचं सिझेरियन त्यांना आजही जसंच्या तसं आठवतं. मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, अंगानं काटक, कुठलाही आजार नाही. बाळ पायाळू होतं म्हणून ऑपरेशन. टेबलावर आली तेव्हा रक्तदाब ११८/७६, नाडी ९६. औषध दिल्यानंतर तिसऱ्या मिनिटाला तिनं जांभई दिली. मग दुसरी. ओठ पांढुरके पडले आणि ती हळूच म्हणाली, "कसंतरीच होतंय, मळमळतंय." मळमळ म्हटलं की मॅडम मशीनच्या पुढच्या रीडिंगसाठी थांबत नाहीत. मेंदूच्या तळाला रक्त कमी पडू लागल्याची ती खूण असते, आणि ती दंडावरच्या पट्ट्याच्या आकड्याच्या आधी येते. फिनाइलएफ्रिन पातळ करून भरलेली सिरिंज त्यांच्या हाताशी तयारच होती. त्यांनी १०० मायक्रोग्रॅम सोडले, तेवढ्यात पट्टा फुगून उतरला आणि आकडा आला ८४/४६. मिनिटभरानं पुन्हा मोजलं, ११६/७४. मुलीच्या ओठांवर रंग आला. आणि नाडी? ती मधल्या काळात १०० च्या पुढे गेली होती, ती आता ६४ वर उतरली होती. दाब वर चढला आणि नाडी त्याच दमात खाली आली.

या मुलीच्या हृदयाला काही झालेलं नव्हतं. रक्ताचा थेंब सांडलेला नव्हता, पहिला छेदही अजून घेतलेला नव्हता. रक्त तेवढंच, हृदय तेच, रक्तवाहिन्या त्याच. फरक इतकाच की मज्जारज्जूतून बाहेर पडणारे काही बारीक मज्जातंतू जेमतेम दोन मिलिलिटर औषधानं गप्प झाले होते. निरोगी माणसाचा रक्तदाब क्षणोक्षणी कोण सांभाळतं, याचं उत्तर स्पायनल, म्हणजे कण्यातली भूल, दिल्यानंतरच्या पाच मिनिटांत जेवढं उघड दिसतं तेवढं दुसरीकडे कुठेही दिसत नाही, असं मॅडम ठामपणे सांगतात. शिकाऊ डॉक्टर सोबत असला की त्या त्याला हीच पाच मिनिटं डोळे उघडे ठेवून बघायला लावतात.

हे मज्जातंतू सिंपथेटिक जातीचे. छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या मज्जारज्जूच्या भागातून ते निघतात आणि शरीरभरच्या लहान लहान धमन्यांच्या भिंतीत जाऊन पोचतात. त्यांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनलिन झिरपत राहतं आणि भिंतीतले स्नायू कायम थोडेसे आवळलेले राहतात. बैलगाडी हाकणाऱ्याच्या हातात कासरा ना अगदी ताठ असतो ना अगदी सैल, तसं. म्हणून तर गरज पडली की आवळताही येतं आणि ढीलही देता येते. आपण झोपलेलो असू, जेवत असू, एसटीच्या रांगेत उभे असू, हे आवळणं जन्मभर चालू असतं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. कण्यातल्या औषधानं ते सुटतं. पायांतल्या आणि पोटातल्या वाहिन्या सैलावतात, रक्त तिथेच साचतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि दाब कोसळतो. सिझेरियनसाठी भूल छातीपर्यंत चढवावी लागते. ती आणखी वर गेली तर हृदयाची गती वाढवणारे, छातीच्या पहिल्या चार मणक्यांपाशी निघणारे तंतूही गप्प होतात, आणि मग दाबाबरोबर नाडीही पडायला लागते. तशा वेळी मॅडम सिरिंज बदलतात, नाडीही वाढवणारं अ‍ॅट्रोपिन किंवा मेफेन्टरमिन घेतात.

तळपायाची ही ऊब विज्ञानाच्या इतिहासात एका सशाच्या कानापासून सुरू झाली. १८५१ मध्ये पॅरिसला क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला सिंपथेटिक मज्जातंतू कापला, तेव्हा त्या बाजूचा कान लाल झाला आणि हाताला गरम लागू लागला. पुढे त्याच तंतूच्या टोकाला विजेचा प्रवाह दिल्यावर कान फिकट आणि गार पडला. रक्तवाहिन्यांचा व्यास मज्जातंतूंच्या ताब्यात असतो, हे त्यातून सिद्ध झालं. मग प्रश्न उरला की या तंतूंना हुकूम कोण देतं. १८७० च्या दशकात जर्मनीतल्या लायपझिगला कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांचा मेंदू वरून खाली पातळीपातळीनं कापत जाऊन दाब मोजला गेला. मोठा मेंदू वेगळा केला तरी दाब टिकून राहिला. काप मेंदूच्या अगदी तळाच्या भागाखाली, म्हणजे मज्जारज्जू जिथे सुरू होतो तिथे गेला, तेव्हा दाब गडगडला. मानेच्या मागच्या बाजूला, कवटीच्या तळाशी, जेमतेम इंचभर लांबीचा हा भाग. श्वासाची लयही इथूनच चालते.

माणसात हे हुकूम जाताना प्रत्यक्ष ऐकता येतात. स्वीडनमधल्या उप्साला इथे १९६० च्या दशकात हागबार्थ आणि वाल्बो यांनी पायातल्या मज्जातंतूत केसासारखी बारीक टंगस्टनची सुई घातली. जागं असलेल्या, स्वस्थ पडून राहिलेल्या माणसाच्या सिंपथेटिक तंतूंमधून संदेश झटक्याझटक्यानं जाताना त्यांना नोंदवता आले, आणि हे झटके हृदयाच्या ठोक्यांशी जुळलेले निघाले. सुरुवातीच्या कामात त्यांनी सुया स्वतःच्याच अंगात टोचून घेतल्या. पुढच्या नोंदींनी आणखी एक विशेष गोष्ट दाखवली. सारख्याच रक्तदाबाच्या दोन निरोगी माणसांत एकाला मिनिटाला मोजके झटके पुरतात, दुसऱ्याला कित्येक पट जास्त लागतात, आणि ज्याचं जे प्रमाण ते महिनोन् महिने जवळपास तसंच राहतं. मॅडमना हे वाचल्यावर टेबलावरची एक रोजची गोष्ट उमगली. एकाच वयाच्या, एकाच दाबाच्या दोन पेशंटना सारखंच औषध दिलं तरी एकीचा दाब दहानं उतरतो आणि दुसरीचा चाळीसनं. ज्या शरीरात दाब टिकवण्याचं काम मज्जातंतू अधिक जोरानं करत असतात, तिथे ते गप्प झाल्यावर उतरणही मोठी होणार.

आता त्या पहिलटकरणीच्या नाडीकडे वळू. फिनाइलएफ्रिन हे औषध वाहिन्या आवळतं. हृदयाला हळू चाल असं ते थेट सांगत नाही. मग १०० च्या पुढे गेलेली नाडी ६४ वर कशी आली? ती आणली त्या मुलीच्या स्वतःच्या मज्जासंस्थेनं. मानेत जबड्याच्या कोनाखाली जिथे बोटांना ठोका लागतो, तिथे मेंदूकडे जाणारी मोठी धमनी दुभंगते. त्या दुभंगाशी तिची भिंत किंचित फुगीर आणि पातळ असते आणि तिच्यात मज्जातंतूंची टोकं पसरलेली असतात. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही तशीच टोकं आहेत. दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि टोकांतून संदेश भराभर सुटतात. दाब उतरला की ते विरळ होतात. हे संदेश दोन वेगळ्या मज्जातंतूंतून मेंदूच्या तळाशी पोचतात. तिथून सिंपथेटिक तंतूंना आवर बसतो आणि व्हेगस नावाच्या लांबलचक तंतूतून हृदयाला 'हळू' असा निरोप जातो. व्हेगस कवटीतूनच बाहेर पडतो, कण्याच्या वाटेनं येत नाही. म्हणून कमरेत दिलेलं औषध त्याला शिवत नाही. मुलीचं अर्धं अंग बधिर असताना व्हेगस आपलं काम चोख बजावत होता.

मानेतल्या या फुगीर जागेचा शोध लागायला बराच काळ गेला. १८६६ मध्ये चेर्माक यांनी स्वतःच्या मानेवर बोट दाबून नाडी मंदावते हे दाखवलं होतं, पण आपण व्हेगसच दाबतो आहोत असा त्यांचा समज होता. १९२३ च्या सुमाराला हेरिंग यांनी दाखवून दिलं की परिणाम होतो तो धमनीच्या फुगीर भिंतीवरच्या दाबामुळे. त्याच काळात बेल्जियममधल्या घेंट शहरात कॉर्नेल हेमान्स वडिलांबरोबर कुत्र्यांवर अवघड प्रयोग करत होते. एका कुत्र्याच्या डोक्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त पुरवायचं आणि डोकं व धड यांच्यात फक्त मज्जातंतूंचा दुवा ठेवायचा, इतकं नाजूक ते काम. धमन्यांच्या या संवेदी जागा श्वसनावरही हुकमत ठेवतात, या शोधासाठी हेमान्स यांना १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. भिंत ताणली गेली हे त्या टोकांना नेमकं कसं कळतं, याचा उलगडा मात्र अगदी अलीकडचा. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पिएझो-१ आणि पिएझो-२ ही प्रथिनं दोन्ही काढून टाकली तर ही प्रतिक्षिप्त क्रिया नाहीशी होते. ही प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पातापुटियन यांना २०२१ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

भूलशास्त्राकडे वळण्यापूर्वी मॅडमनी काही काळ एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राची ट्यूटर म्हणून नोकरी केली होती. प्रॅक्टिकलच्या तासाला पहिल्या वर्षाच्या मुलांना एकमेकांवर प्रयोग करायचे असत. सगळ्यात साधा प्रयोग उभं राहण्याचा. मुलाला टेबलावर दहा मिनिटं झोपवायचं, छातीला ईसीजीच्या तारा, आणि मग म्हणायचं, ऊठ, उभा राहा. उभं राहताच जवळपास अर्धा लिटर रक्त पायांच्या आणि पोटाच्या शिरांत उतरतं. कागदाच्या पट्टीवर ठोके दाटून येतात. पंधराव्या ठोक्याच्या आसपास ते सगळ्यात जवळजवळ येतात आणि तिसाव्याच्या आसपास पुन्हा सैल पडतात. मुलं फूटपट्टीनं अंतरं मोजायची आणि भागाकार करायची. एडिंबराचे डेव्हिड यूइंग यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत मधुमेही रुग्णांसाठी रुळवलेल्या पाच चाचण्यांपैकी ही एक. ज्यांच्या मज्जातंतूंना मधुमेहानं इजा झालेली असते, त्यांचे ठोके उभं राहिल्यावर असे दाटत आणि सैलावत नाहीत. निरोगी पोराच्या पट्टीवर ते स्पष्ट दिसतं. व्हेगस ठोक्यागणिक काम करतो, म्हणून पहिली हालचाल त्याची. सिंपथेटिक तंतूंना वाहिन्या आवळायला काही सेकंद लागतात. पहाटे गजर झाल्यावर झटकन उठलं की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, ती याच काही सेकंदांतली.

दुसरा प्रयोग मुठीचा. हातात पकडीचा जोर मोजणारा डायनामोमीटर देऊन पूर्ण ताकदीच्या तीस टक्के जोरानं चार-पाच मिनिटं आवळून धरायचं. तेवढ्यानं खालचा आकडा सोळा किंवा अधिक चढायला हवा. मुलं घाम पुसत पुसत धरून ठेवायची. १९३७ मध्ये कैरोमध्ये आलम आणि स्मर्क यांनी असाच व्यायाम करवून घेतला आणि स्नायूंकडून परत जाणारं रक्त पट्टा फुगवून अडवलं. व्यायाम थांबला तरी रक्तदाब चढलेलाच राहिला, पट्टा सोडल्यावर उतरला. म्हणजे दमलेला स्नायू स्वतः मेंदूला निरोप पाठवतो: रक्त पुरेना, दाब वाढवा. तिसरा प्रयोग बर्फाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून मिनिटभर बसण्याचा. यात दाब सहज दहा-वीसनं चढतो. प्रत्येक बॅचला हसण्याखिदळण्यात सुरू झालेलं हे प्रॅक्टिकल पहिला हात बर्फात गेला की एकदम शांत होई, हे सांगताना मॅडमना आजही उत्साह येतो.

याच विभागात त्यांनी अवतार सिंग पेंटल यांचं नाव पहिल्यांदा नीट ऐकलं. पेंटल दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंतीत, जिथे दाब अगदी कमी असतो तिथे, कप्पा किती भरला हे सांगणारी मज्जातंतूंची टोकं असतात. एकेका सुट्या तंतूतून त्यांचे संदेश पेंटल यांनी १९५० च्या दशकात नोंदवले. फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांजवळची 'जे रिसेप्टर' ही टोकंही त्यांनीच शोधली. आपल्या देशातल्या माणसानं, एवढ्या नाजूक कामात, जगाच्या पाठ्यपुस्तकात जागा मिळवली, ही गोष्ट आपल्याकडच्या शाळांतून सांगितली जायला हवी.

हृदयाच्या त्या कप्प्यांतल्या पहारेकऱ्यांचं काम बघायचं तर रक्तदान शिबिरात जावं. दात्याच्या अंगातून ३५० मिलिलिटर रक्त जातं, वजन पुरेसं असेल तर ४५०. झोपल्या जागी मोजला तर दाब हललेला दिसत नाही. शिरांतलं भरण कमी झाल्याचं वर कळलेलं असतं आणि वाहिन्या तेवढ्याच बेतानं आवळल्या गेलेल्या असतात. म्हणूनच दाब ठीक आहे यावरून रक्त गेलेलंच नाही असा अर्थ काढता येत नाही. बाळंतपणातल्या रक्तस्रावात मॅडम आधी नाडीवर, हातापायांच्या गारव्यावर आणि चेहऱ्यावर नजर ठेवतात. तरुण बाईचं शरीर बराच वेळ आकडा धरून ठेवतं आणि मग तो एकाएकी सोडतं.

भीतीचा भाग निराळा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मॅडम पेशंटला बघायला वॉर्डात जातात. एकदा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेला साठीच्या आतबाहेरचा शेतकरी होता. सिस्टरनी मोजलं तर १६८/९८. घरचे घाबरले, ऑपरेशन रद्द होणार म्हणून कुजबुज सुरू झाली. मॅडम कॉटवर टेकल्या आणि त्यांनी उसाची लागण कुठली, पाण्याची पाळी कधी, असं विचारायला सुरुवात केली. काका आधी एकेका शब्दात उत्तर देत होते, मग खुलले. बोलणं आटोपल्यावर थोडा वेळ त्यांना गप्प पडू दिलं आणि पुन्हा मोजलं: १४२/८६. सकाळी उठल्यावर आणखी कमी.

इटलीत मांचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही गोष्ट नेमकी मोजून दाखवली. माणसांच्या धमनीत नळी घालून दाब अखंड नोंदवत ठेवला आणि मग डॉक्टरला खोलीत पाठवलं. डॉक्टर आल्यापासून पहिल्या चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी २७ नी आणि खालचा १५ नी चढला. डॉक्टर थांबून राहिला तसा तो ओसरू लागला. रक्तदाबाचा आजार नसलेल्या माणसांतही ही वाढ दिसली. भीती वाटली की मेंदूच्या वरच्या भागांतून तळाशी निरोप जातो, आणि मानेतल्या पहारेकऱ्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं जातं. धावताना, भांडताना, झाडावर चढतानाही हेच होतं. शरीराला त्या वेळी जास्त दाब हवा असतो, म्हणून राखण्याची पातळीच वर सरकवली जाते.

ऑपरेशनच्या टेबलावर अशा प्रतिक्षिप्त क्रिया दिवसभर दिसत राहतात. श्वासनलिकेत नळी घालताना घशाला धक्का लागतो आणि पूर्ण बेशुद्ध माणसाचाही दाब उसळतो. तिरळेपणाच्या ऑपरेशनमध्ये सर्जननं डोळ्याचा स्नायू ओढला की लहान मुलाची नाडी एकदम मंदावते. आश्नर यांनी १९०८ मध्ये वर्णन केलेली ही क्रिया ठाऊक असल्यानं मॅडम नुसतं "सर, थांबा" म्हणतात, ओढ सुटते आणि नाडी परत येते.

इतकं सगळं सांगून झाल्यावर मॅडम एका प्रयोगाकडे हटकून येतात. भारतातले अनेक मेडिकलचे विद्यार्थी ज्यांचं जाडजूड पुस्तक वाचतात, त्या आर्थर गायटन यांच्या मिसिसिपीतल्या प्रयोगशाळेत १९७३ मध्ये काउली आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या मानेतले आणि महाधमनीतले हे सगळे संवेदी मज्जातंतू कापले आणि दिवसरात्र दाब नोंदवला. अपेक्षा असायची की दाब कायमचा चढून बसेल. चोवीस तासांची सरासरी मात्र धडधाकट कुत्र्यांच्या जवळपासच निघाली. बदलली ती स्थिरता. धडधाकट कुत्र्याचा दाब दिवसाचा बहुतेक वेळ शंभराच्या आसपास राहायचा. तंतू कापलेल्याचा उठताबसता, खाताना, आवाज झाला की कधी पन्नासवर घसरायचा, कधी एकशेसाठच्या वर उडायचा. म्हणजे सरासरी पातळी ठरवण्यात या तंतूंचा वाटा थोडा. ते काम मुख्यतः मूत्रपिंडं आणि शरीरातलं मीठ-पाणी यांचं. दाब दिवसेंदिवस चढलेलाच राहिला तर एक-दोन दिवसांत हे पहारेकरी त्या नव्या पातळीलाच नेहमीची समजू लागतात. रक्तदाबाचा आजार आतून कुणी ओरडून का सांगत नाही, याचं एक कारण हेच. मॅडमच्या मते हा मुद्दा लोकांपर्यंत पोचत नाही. 'मला काही त्रास नाही, म्हणजे माझा दाब ठीक असणार' हे वाक्य त्यांना आठवड्यातून कितीदा तरी ऐकावं लागतं.

आणि निरोगी दाब म्हणजे १२०/८० वर खिळलेला काटा, हाही गैरसमज. झोपेत तो दहा ते वीस टक्के उतरतो, आणि उतरायलाच हवा. उलट टोकाला, १९८५ मध्ये कॅनडातल्या मॅकडूगल आणि सहकाऱ्यांनी वजनं उचलणाऱ्या निरोगी तरुणांच्या धमनीत नळी घालून मोजलं. दोन्ही पायांनी जड वजन रेटताना सरासरी ३२०/२५० पर्यंत गेली, एकाचा दाब तर ४८०/३५० च्याही पुढे. वजन खाली ठेवताच दाब काही सेकंदांत परतला.

राखण कधी कधी सुटतेही, अगदी धडधाकट माणसातसुद्धा. शाळेच्या पटांगणावर उन्हात कवायतीला उभं केलेलं पोर खाली पडतं, सुई बघून तरणाबांड गडी घेरी येऊन कोसळतो. उन्हात त्वचेच्या वाहिन्या उघडलेल्या असतात. शरीर फार तापलं तर एकट्या त्वचेतून मिनिटाला सात-आठ लिटरपर्यंत रक्त फिरू शकतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सारं मिळून पाच लिटरच्या आसपास फेकतं. त्यात उभं राहून पायांत रक्त साचलेलं आणि पोटऱ्यांची हालचाल बंद. अशा वेळी व्हेगस हृदयाला मंद करतो आणि सिंपथेटिक झटके थांबतात. मज्जातंतूत घातलेल्या सुयांच्या नोंदींत घेरीच्या क्षणी ते थांबलेले दिसले आहेत. थोडक्यात, मॅडमच्या स्पायनलनं जे होतं तेच, औषधाविना. पडलेल्याला लोक चौघांनी धरून उभं करतात, खुर्चीत बसवतात, नाकाशी कांदा धरतात. त्याला आडवंच राहू द्यावं आणि पाय वर उचलून धरावेत. अंधारी येतेय असं वाटताच उभ्या उभ्या पायांची अढी घालून मांड्या आवळल्या किंवा सरळ खाली बसलं तर पडणं टळतं. रक्तदानाच्या आधी अर्धा लिटर पाणी प्यायलं की घेरीचं प्रमाण कमी होतं, हेही तपासून सिद्ध झालेलं आहे.

दंडाला बांधायचा पट्टा रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये इटलीत बनवला. १९०१ मध्ये अमेरिकन सर्जन हार्वी कुशिंग यांनी तो पाव्हियाच्या रुग्णालयात पाहिला, बाल्टिमोरला नेला आणि भूल दिलेल्या पेशंटचा दाब नोंदवण्याची पद्धत तिथे पाडली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला कोरोत्कॉफ यांनी स्टेथोस्कोपनं आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे काढायची रीत दिली. आता हे यंत्र घराघरांत आहे, आणि मॅडमची कळकळ त्याच्या वापराबद्दल आहे. जिना चढून आल्या आल्या मोजू नका. चहा, तंबाखू, सिगारेट यांनंतर अर्धा तास जाऊ द्या. लघवी तुंबलेली नको. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं स्वस्थ बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा, बाहीवरून नको, आणि हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवा. मोजताना बोलू नका. मिनिटभरानं पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. घरात साठीपुढचं कुणी असेल, मधुमेही असेल किंवा दाबाच्या नाहीतर प्रोस्टेटच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांना उभं करून एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला, तर पुढच्या गोळीची वाट न बघता डॉक्टरांना तो कागद दाखवा.